तपकीर गल्लीजवळचं लॅपटॉप रिपेअरचं दुकान: आधी मोजतात, मग बोलतात

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला की मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल येतं आणि लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दुसरा डिस्प्ले दिसतच नाही, असं ज्यांचं झालंय त्यांनी हे नीट वाचा. पुण्यात किंवा पिंपरी चिंचवडला राहत असाल तर सरळ या दुकानात घेऊन जा. पाचपैकी पाच स्टार देतेय. छान सर्व्हिस, नक्की जा, एवढ्यावर न थांबता सविस्तर लिहितेय कारण या एका बिघाडापायी लोकांना उगाच मदरबोर्डचा खर्च सांगितला जातो आणि आतलं काही माहिती नसल्यामुळे लोक तो करतातही.

माझं काम अकाउंट्सचं, घरूनच. लॅपटॉपवर टॅली आणि शेजारच्या २४ इंची मॉनिटरवर जीएसटीचं पोर्टल, अशी दोन स्क्रीनची सवय झालेली. ज्यांनी कधी टूबीचं स्टेटमेंट (पोर्टलवर दिसणारी पुरवठादारांची बिलं) आणि पर्चेस रजिस्टर एकेक बिल करून जुळवलंय त्यांना सांगायला नको, एकाच स्क्रीनवर इकडून तिकडे उड्या मारत बसलं की आकडा कुठेतरी चुकतोच, आणि ११ तारखेचं जीएसटीआर-१ रिटर्न झालं की २० तारखेचं ३बी समोर उभंच असतं. त्यामुळे मॉनिटर बंद म्हणजे माझं निम्मं काम बंद. आणि तो बंद पडला तो असाच कामाच्या मधोमध, चालू असताना काळा झाला आणि मग काही केल्या येईना. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन मात्र अगदी व्यवस्थित.

घरच्या घरी जे करता येतं ते सगळं केलं, आणि तुम्हीही आधी तेच करा, कारण पुष्कळ वेळा काम तिथेच होतं. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट सोर्स बघा, काही मॉनिटरना दोन एचडीएमआय पोर्ट असतात, केबल दोनमध्ये असते आणि मॉनिटर एकवर शोधत बसतो. विंडोजचं बटण धरून पी दाबलं की चार पर्याय येतात, तिथे पीसी स्क्रीन ओन्ली राहिलं असेल तर एक्स्टेंड करा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बीप वाजतो, घाबरायचं नाही, उघडलेली फाइल जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा, तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसायच्या ऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसलं तर तुमचा ड्रायव्हर उडालाय, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा परत टाका. अपडेट झाल्या झाल्या बंद पडलं असेल तर तिथेच प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर असतं. नाहीच तर दोन्ही बंद करून वायरी काढा, लॅपटॉपचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग परत जोडा. शेजाऱ्यांची केबल आणून लावून बघितली, लॅपटॉप टीव्हीला लावून बघितला. टीव्हीलाही दिसेना. म्हणजे मॉनिटर ठीक, गडबड लॅपटॉपकडेच, इथपर्यंत कळलं होतं.

मग एका सर्व्हिस सेंटरला गेले, नाव लिहीत नाही. तिथे लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. केबल लावली, काढली, एचडीएमआय पोर्ट बोर्डवरच असतो मॅडम, बोर्ड बदलावा लागेल, २८ हजार प्लस टॅक्स. विचारलं की फक्त पोर्ट किंवा जे काय गेलंय तेवढंच नाही का होणार, तर म्हणे आमच्याकडे पार्ट रिपेअर होत नाही, बोर्डच येतो. आणि तोपर्यंत टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर वापरा असं सांगून एक अडॅप्टरही तिथेच गळ्यात मारला. घरी येऊन लावला तर तोही मॉनिटर दाखवेना. आता दोन दोन पोर्ट बंद म्हटल्यावर माझीही खात्री व्हायला लागली की बोर्डच गेलाय. तो अडॅप्टर का चालला नाही त्याचं कारण पूर्ण वेगळं होतं, ते पुढे सांगते.

हे दुकान मला माझ्या एका क्लायंटने सांगितलं, त्यांचं स्वतःचं इलेक्ट्रिकलचं दुकान तपकीर गल्लीत आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे वायर, स्विच, पंखे, एलईडी, सगळा इलेक्ट्रिकचा बाजार, चालायला जागा नसते. दुकान गल्लीच्या जरा बाहेर, पहिल्या मजल्यावर आहे. गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. पिंपरीकडून येणाऱ्यांना आता मेट्रो सरळ मंडईपर्यंत येते, तिथून चालत जायचं.

दुकान चालवतात त्यांना सगळे दादा म्हणतात. आत एक लांब टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, हॉट एअरचं मशीन, आणि एका खोक्यात उघडे बोर्ड रचून ठेवलेले. माझं बोलणं दादांनी मध्ये न तोडता ऐकलं आणि मग एवढंच विचारलं, "ताई, बंद पडला तेव्हा तुम्ही काय करत होता? मॉनिटर हलवला होता का, वायर ओढली गेली होती का?" तेव्हा आठवलं, त्याच दिवशी टेबल भिंतीला सरकवलं होतं, मॉनिटरच्या मागे केबलला जागा कमी पडत होती. ते ऐकून त्यांनी माझी केबल बाजूला काढून ठेवली. "ही आत्ता कशालाच लावायची नाही," म्हणाले. मला तेव्हा काही अर्थबोध झाला नाही.

पुढची गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. माझ्या लॅपटॉपमध्ये लोकांची बँक स्टेटमेंटं असतात, पॅन असतात, पासवर्ड लिहिलेल्या फायली असतात. त्यांनी लॉगिनचा पासवर्ड मागितलाच नाही. आधी विचारलं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का, आणि असेल तर रिकव्हरी की तुमच्याजवळ आहे ना, कारण बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदल झाला तर पुढच्या वेळी विंडोज ती की मागतं आणि ती नसली की डेटा अडकतो. की आहे म्हटल्यावरच पुढे गेले. मग स्वतःचा उबुंटूचा (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून चालू केला, इन्स्टॉल न करता, नुसता ट्राय मोडमध्ये. माझ्या विंडोजला हातही लागला नाही. आणि त्यातून तपासही झाला, कारण पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर मॉनिटर दिसला असता तर दोष विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा ठरला असता आणि लॅपटॉप उघडायची गरजच नव्हती. नाही दिसला. त्यांची केबल, त्यांचा मॉनिटर, त्यांची सिस्टीम, तरी नाही. मग म्हणाले, आता हार्डवेअर बघू.

इथून पुढे त्यांनी जे केलं ते मी स्टुलावर बसून बघत होते आणि त्यांनी बघू दिलं, पडद्यामागे नेलं नाही. एक छोटं हिरवं बोर्ड असतं, एका बाजूला एचडीएमआयचा प्लग आणि दुसऱ्या बाजूला १९च्या १९ पिना वेगवेगळ्या स्क्रूवर बाहेर काढलेल्या, प्रत्येकाला नंबर. ते त्यांनी लॅपटॉपच्या पोर्टात घातलं. मल्टिमीटरची काळी वायर १७ नंबरवर टेकवली, लाल १८ नंबरवर. आकडा आला ०.०२. तेच बोर्ड काढून दुकानातल्या एका जुन्या लॅपटॉपला लावलं, त्याच दोन पिनांवर, आकडा आला ५.०६. मीटर माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघा. तुमचा पोर्ट पाच व्होल्ट देतच नाहीये."

आता या पाच व्होल्टला एवढं महत्त्व का, ते त्यांनी समजावून सांगितलं आणि ते इतकं साधं आहे की प्रत्येकाला माहिती पाहिजे. आपल्याला वाटतं केबल लावली की लॅपटॉप चित्र पाठवायला लागतो. तसं नसतं. आधी लॅपटॉप १८ नंबरच्या पिनवरून पाच व्होल्ट पाठवतो. मॉनिटर तेच व्होल्टेज आतून १९ नंबरच्या पिनवरून परत देतो, म्हणजे मी आहे असं सांगतो. या १९ नंबरच्या पिनवर व्होल्टेज आलं की मगच लॅपटॉपला कळतं की समोर काहीतरी जोडलंय. त्यानंतर १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून लॅपटॉप मॉनिटरची कुंडली वाचतो, कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कुठली रिझोल्यूशन चालतात. तिला ईडीआयडी म्हणतात, मूळची फक्त १२८ बाइटची असते. ती वाचून झाल्यावर चित्र सुरू. म्हणजे चित्र नेणाऱ्या सगळ्या तारा धडधाकट असल्या, ग्राफिक्स चिप ठणठणीत असली, तरी हे पाच व्होल्ट गेले नाहीत तर लॅपटॉपच्या हिशेबी मॉनिटर नाहीच. सेटिंगमध्ये डिटेक्ट कितीही वेळा दाबा. माझं नेमकं तेच झालं होतं आणि मी ड्रायव्हर टाकत बसले होते, सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलायला सांगत होतं, सगळं साप सोडून भुई धोपटणं.

लॅपटॉप उघडला, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढला. एचडीएमआय पोर्टच्या मागे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, एक पार्ट दाखवला. म्हणाले हा फ्यूज. पाच व्होल्ट यातून पोर्टाला जातात. मीटर शिट्टीवर ठेवून दोन्ही टोकांना वायरी टेकवल्या, फ्यूज चांगला असेल तर शिट्टी वाजते, वाजली नाही. झालं, बिघाड सापडला. २८ हजारांचा बोर्ड ज्याच्यासाठी बदलायचा होता तो हा एवढासा तुकडा.

पण दादा तिथे थांबले नाहीत आणि म्हणूनच मी एवढं लिहायला बसले. फ्यूज आपोआप जात नाही, म्हणाले, कुणीतरी घालवलाय. मग ती बाजूला ठेवलेली माझी केबल घेतली, तिच्या टोकाला तेच हिरवं बोर्ड लावलं, मीटर शिट्टीवर, वायरी १७ आणि १८ वर. केबल सरळ असताना काही नाही. प्लगच्या जवळ जिथे ती भिंतीला दाबून वाकली होती तिथे अंगठ्याने वाकवली, लगेच शिट्टी. सोडली, बंद. परत वाकवली, परत शिट्टी. म्हणजे केबलच्या आत पाच व्होल्टची तार आणि ग्राउंडची तार एकमेकींना टेकत होत्या. टेबल सरकवलं, केबल मुडपली, आत शॉर्ट झालं, फ्यूज उडाला आणि बोर्ड वाचला. फ्यूजचं कामच ते.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मी घरी शेजाऱ्यांची केबल लावून बघितली होती आणि तरी मॉनिटर आला नाही, म्हणून केबल निर्दोष असं कुणीही म्हणेल. पण तोपर्यंत फ्यूज गेलेला होता, त्यामुळे चांगली केबलसुद्धा चालणार नव्हती. आणि समजा मी २८ हजार भरून नवीन बोर्ड टाकला असता आणि घरी येऊन हीच केबल लावली असती, तर नवीन बोर्डाचंही तेच झालं असतं. दादांनी मला विचारलंच, ही केबल दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला लावली नाहीत ना? नव्हती लावली. ते म्हणाले काही लॅपटॉपमध्ये असा फ्यूज असतो जो थंड झाला की आपला आपण परत चालू होतो, काहींमध्ये करंट मर्यादेत ठेवणारी छोटी आयसी असते, ते वाचतात, पण तुमच्यासारखा एकदाच जळणारा फ्यूज असेल तर दुसरा लॅपटॉपही गेला असता. संशयाची केबल चेक करायला म्हणून दुसऱ्याच्या मशीनला लावणं हे आपण सगळे सर्रास करतो. आधी केबल मीटरवर तपासून घ्या.

फ्यूज बसवायचं काम दुकानातली मुलगी करते, विशी बाविशीची असेल, मायक्रोस्कोपखाली हात इतका स्थिर की बघत राहावं. स्क्रॅप बोर्डांच्या खोक्यातून त्यांनी त्याच रेटिंगचा फ्यूज शोधला, आधी मीटरवर तपासला, मग फ्लक्स लावून हॉट एअरने जुना उचलला, नवा ठेवला, आणि तो आपला आपण वितळलेल्या सोल्डरवर सरळ होऊन बसला. मी विचारलं की तिथे नुसती बारीक तार टाकून जोडलं तर नाही का चालणार, कारण एकाने मला फोनवर तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, "चालेल की ताई, पण परत शॉर्ट झालं तर मग फ्यूजऐवजी बोर्डावरची लाइन जळेल किंवा आतली आयसी जाईल." तार टाकून जोडणारे पुष्कळ आहेत, त्यात दोन मिनिटांत काम होतं. हे तसं करत नाहीत.

चालू केला, परत तेच दोन पिन, आकडा ५.०४. मग त्यांची केबल आणि मॉनिटर लावला, आला. मग माझ्यासमोर केबल दहा वेळा काढ घाल करून बघितली, पोर्ट हलतोय का तेही बघितलं.

बिल किती, तर ८५० रुपये. नवीन केबल २५० ला घेतली, दीड मीटरची साधी. मी चांगल्यातली द्या म्हटलं तर म्हणाले तुमचा मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झ, त्याला साधी हायस्पीड एचडीएमआय केबल पुष्कळ झाली, सोन्याचा मुलामा आणि कापडाची वेणी बघून हजार रुपये घालवू नका, ४के १२० हर्ट्झ चालवायचं असेल तेव्हा अल्ट्रा हायस्पीड लिहिलेली घ्या. विकणारा माणूस असं सांगतो हे मला तरी नवीन होतं.

आता त्या टाइप-सी अडॅप्टरचं. तो मी त्यांना दाखवला, त्यांनी दुसऱ्या लॅपटॉपला लावला, तिथे व्यवस्थित चालला. अडॅप्टर चांगलाच होता. माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर येतच नाही, कधी येतच नव्हतं, तो फक्त डेटासाठी आहे. टाइप-सी हे नुसत्या आकाराचं नाव, २४ पिनांचं, उलटंसुलटं कसंही बसणारं, २०१४ साली आलं. त्या आकाराच्या भोकातून काय काय जाणार ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. चित्र जायला त्या पोर्टाला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी दुसरी पद्धत) अल्टरनेट मोड लागतो, किंवा थंडरबोल्ट. पोर्टच्या शेजारी विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, डी आणि पी एकत्र केल्यासारखी खूण असेल तर डिस्प्लेपोर्ट, नुसती यूएसबीची खूण असेल तर लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघायचं, खूण नसते पण मोड असतो असंही होतं. आणि पोर्ट चालणारा असला तरी मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली सी टू सी केबल लावून चालत नाही, त्यातल्या पुष्कळशा केबलमध्ये चित्र नेणाऱ्या तारा मुळात नसतातच, चार्जिंग होतं आणि मॉनिटर मात्र काळा. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर माझ्या लॅपटॉपचा मॉडेल नंबर समोर लिहिलेला होता. दोन मिनिटं बघितलं असतं तर अडॅप्टर विकला नसता, असा माझा राग आहे आणि तो राहणार.

मी बसले होते तेवढ्यात आणखी लोक येऊन गेले, त्यावरून या दुकानाचा स्वभाव कळतो. कॉलेजचा एक मुलगा एम१ चिपचा मॅकबुक एअर घेऊन आला, त्याला दोन मॉनिटर लावायचे होते, एक लागतो आणि दुसरा दिसत नाही, डॉक (एका पोर्टातून अनेक पोर्ट काढणारं खोकं) खराब आहे, नवीन द्या, म्हणाला. दादा म्हणाले डॉक खराब नाही, एम१ आणि एम२च्या एअरला बाहेरचा एकच डिस्प्ले चालतो, बारा हजारांचा डॉक घेतलास तरी एकच चालणार. एम३ला दोन चालतात पण झाकण बंद करून, एम४ला झाकण उघडं ठेवूनही दोन. दोन हवेच असतील तर डिस्प्लेलिंकची चिप असलेला डॉक घे, त्याला सॉफ्टवेअर टाकावं लागतं, स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, कोडिंग आणि डॉक्युमेंटला मस्त चालतं पण नेटफ्लिक्स वगैरे त्यावर काळं दिसेल. ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि सॉफ्टवेअर टाकायला आयटीवाले परवानगी देत नसतील तर तोही घेऊ नकोस. मुलगा काही न घेता गेला.

दुसरे एक आजोबा, मुलाने पाठवलेला जुना मॉनिटर त्यांच्याकडे आलेला, त्याला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. ते ऑनलाइन मागवलेली केबल घेऊन आले होते, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, दोन्हीकडे घट्ट बसत होती आणि मॉनिटर दिसत नव्हता. दादांनी त्यांना काका म्हणून खुर्ची दिली आणि केबलच्या पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचून दाखवलं. ही केबल एका दिशेनेच चालते, डिस्प्लेपोर्टवाल्या कॉम्प्युटरकडून एचडीएमआयवाल्या टीव्हीकडे. उलटं नेता येत नाही, कारण सिग्नलची जातच वेगळी, उलट न्यायला आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो आणि बहुतेकांना यूएसबीतून वेगळी पॉवरही द्यावी लागते. आजोबांना ती केबल परत करता येते का ते त्यांच्याच मोबाइलवर बघून दिलं, रिटर्नची मुदत शिल्लक होती. त्यातून दुकानाला एक रुपया मिळाला नाही.

निघताना त्यांनी मला घरची अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या बॉडीला हाताला मुंग्या आल्यासारखं होतं का विचारलं, होतं. आमची बिल्डिंग जुनी आणि मी तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या एक्स्टेंशनला कन्व्हर्टर लावून वापरत होते. अर्थिंग नसेल तर लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांच्या बॉडीवर वेगवेगळं व्होल्टेज तरंगत राहतं आणि एचडीएमआय जोडताना ते त्या केबलमधूनच एकमेकांना भेटतं, त्यात पोर्ट आणि त्याच्या मागची आयसी जाते असे लॅपटॉप त्यांच्याकडे येत असतात. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटर लावून घ्या म्हणाले, फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. आमच्याकडे फेज-अर्थ मध्ये काहीच्या काही येत होतं, अर्थची तार बोर्डातच सुटलेली. जोडून घेतली, मुंग्या बंद झाल्या. लॅपटॉप आणि मॉनिटर आता एकाच तीन पिनच्या बोर्डावर आहेत.

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. फोन उचलत नाहीत. मुलगी सोल्डर करत असते, दादा गिऱ्हाइकाशी बोलत असतात, फोन वाजत राहतो. लॅपटॉप झाला का विचारायला फोन करायचा तर संध्याकाळी करा. जिना उभा आणि अंधारा आहे, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना अवघड जाईल, खालून आवाज दिला तर मुलगी खाली येऊन घेऊन जाते. गर्दी असली की बोर्डाच्या कामाला दोन-तीन दिवस लागतात, माझं लगेच झालं कारण बिघाड छोटा होता आणि मी सकाळी दुकान उघडताच पोचले होते. वॉरंटी फक्त केलेल्या कामाची, एक महिना, आणि ती हाताने लिहिलेल्या पावतीवर. पावतीवर लॅपटॉपचा सिरियल नंबर मात्र न सांगता लिहितात. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीसकट मिळतं, मी मागितलं. दादा गोड बोलणाऱ्यांतले नाहीत, उगाच होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका असं म्हणत नाहीत, आणि बोर्ड खरंच गेला असेल तर तोंडावर सांगतात. माझ्या आधीच्या माणसाला पाणी सांडलेल्या लॅपटॉपबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की यावर पैसे घालू नका, डेटा काढून देतो. तो माणूस नाराज होऊन गेला, पण मला तरी असाच माणूस लागतो.

जाताना लॅपटॉपबरोबर त्याचा चार्जर आणि तुमची स्वतःची मॉनिटरची केबल, अडॅप्टर, डॉक जे काय वापरता ते सगळं घेऊन जा, मॉनिटर उचलून न्यायची गरज नाही. बिटलॉकरची की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते, आधीच लिहून ठेवा. रविवारी बंद. चेकिंगचे १५० घेतात, तिथेच काम करून घेतलं तर ते बिलातून वजा करतात.